एडिंबरोच्या बोळातलं कवितेचं घर

एडिंबरोला गेलेली मंडळी आधी किल्ला गाठतात आणि तिथून उतरत उतरत राजवाड्यापर्यंत जातात. या उताराच्या रस्त्याला ‘रॉयल माइल’ म्हणतात. दोन्ही बाजूंना उंच दगडी इमारती आणि त्यांच्यामधून निघालेले अरुंद बोळ. दुकानांतल्या लोकरीच्या शाली बघताना हे बोळ नजरेतून सुटतात. पण राजवाड्याच्या अलीकडे, कॅननगेट भागात, क्रायटन्स क्लोज नावाच्या बोळात जरूर वळावं. तिथे आहे स्कॉटिश पोएट्री लायब्ररी.

नुसत्या कवितेसाठी एक अख्खं ग्रंथालय! ते उभं केलं टेसा रॅन्सफर्ड या कवयित्रीनं. बाईंचा जन्म १९३८ चा, आणि तोही आपल्या मुंबईतला. वडील तिथल्या टांकसाळीचे प्रमुख होते. १९८४ साली त्यांनी ग्रंथालय सुरू केलं आणि १९९९ मध्ये त्याला या बोळात स्वतःची वास्तू मिळाली. टेसाबाई २०१५ साली गेल्या. इंग्रजी, स्कॉट्स आणि गेलिक, तिन्ही भाषांतली कविता इथे जपलेली आहे. स्कॉट्स ही घरातली, अंगणातली बोली. ती शाळेत बोलली म्हणून कित्येक मुलांनी बोलणी खाल्ली. गेलिक बेटांवरची आणि डोंगराळ मुलखातली. ती बोलणारे आता थोडेच. अशा भाषांना कपाटात मानाची जागा मिळणं ही काही साधी गोष्ट नव्हे.

या शहरातल्या पोर्ट्रेट गॅलरीच्या संग्रहात एक प्रसिद्ध चित्र आहे: अलेक्झांडर मॉफट यांनी १९८० साली काढलेलं ‘पोएट्स पब’. ह्यू मॅकडायर्मिड, नॉर्मन मॅकेग, सॉर्ली मॅक्लेन, एडविन मॉर्गन असे नामवंत कवी पबात जमलेले. सगळे पुरुष! मग बायका लिहीत नव्हत्या की काय? लिझ लॉकहेड यांचा पहिला संग्रह तर १९७२ मध्येच निघाला होता. लिहीत होत्या, पण त्या बैठकीत त्यांचा पाट मांडलेला नव्हता, इतकंच.

पुढे दिवस पालटले. २००४ पासून स्कॉटलंड आपला राष्ट्रकवी नेमू लागला; त्याला तिथे ‘मकार’ म्हणतात. पहिला मान मॉर्गन यांचा. मग २०११ मध्ये लिझ लॉकहेड, २०१६ मध्ये जॅकी के आणि २०२१ मध्ये कॅथलीन जेमी. ओळीनं तिघी बायका!

आणखी एक नाव आपल्या ओळखीचं निघेल: इम्तियाझ धारकर. जन्म लाहोरचा, बालपण ग्लासगोचं आणि पुढे घर मुंबईत. त्यांच्या काव्यसंग्रहांत काळ्या शाईची रेखाचित्रं असतात आणि ती त्या स्वतःच काढतात. आपलं चित्र दुसऱ्यानं काढावं आणि त्यात आपल्याला जागा द्यावी, अशी वाट पाहायला नको.

एडिंबरोला जाणं झालं तर शाल घ्याच, तिथला वारा बोचरा असतो. पण एखादा काव्यसंग्रहही पिशवीत पडू द्या. शाल विरेल, कविता विरायची नाही.