दक्षिणचित्र येथील घरें

चेन्नईहून महाबलिपुरमकडे जाणाऱ्या समुद्रकांठच्या रस्त्यानें सुमारें २५ किलोमीटर गेलें कीं मुट्टुकाडु लागतें. तेथें ‘दक्षिणचित्र’ नांवाचें जें संग्रहालय आहे, त्यांत कांचेच्या कपाटांपेक्षां घरांचाच संग्रह मोठा. तामिळनाडु, केरळ, कर्नाटक, आंध्र व तेलंगण येथील बहुतेक घरें मालकांकडून विकत घेऊन, तीं सुटीं करून, येथें आणून त्या त्या प्रांतांतील कारागिरांच्या हातून पुन्हां उभीं केलीं आहेत. मद्रास क्राफ्ट फाउंडेशन ही संस्था १९८४ सालीं निघाली. तिनें हें स्थळ १९९६ सालीं लोकांस खुलें केलें. मूळ आखणी लॉरी बेकर यांची. हे गृहस्थ जन्मानें इंग्रज, परंतु आयुष्याचा मोठा भाग त्यांनीं केरळांत घालविला. धाकट्या चिरंजीवांकडे चेन्नईस मुक्काम असतां आम्ही सहकुटुंब तेथें एक दिवस काढिला.

चेट्टिनाडच्या व्यापाऱ्याच्या घरापाशीं गर्दी फार. हे व्यापारी ब्रह्मदेशांत पेढ्या घालून संपन्न झाले, व तेथील सागवान त्यांच्या खांबांस लागलें. आमचें लक्ष मात्र चौकानें वेधून घेतलें. चहूंबाजूंस सोपे, मध्यें उघडें आकाश. बाहेर रस्त्याकडे बसण्याचा ओटा, त्यास तामिळांत ‘तिण्णै’ म्हणतात. केरळांत अशा घरास ‘नालुकेट्टु’ हें नांव आहे, व त्यांतील ‘नालु’ म्हणजे चार. ‘मयमत’ या दक्षिणेकडील संस्कृत वास्तुग्रंथांत एकशालापासून चतुःशालापर्यंत घरांचे भेद दिलेले आहेत. तें चतुःशाल, हें नालुकेट्टु आणि आपला चौसोपी वाडा हीं सगोत्रच म्हणावयाचीं. तीस वर्षें वर्गांत समासाचा विग्रह करून दिलेला शब्द येथें आम्हांस पायांखालीं सांपडला.

पुदुपळ्ळीचें सीरियन ख्रिस्ती कुटुंबाचें घर गेल्या शतकापूर्वींचें आहे. भिंतीसुद्धां लांकडी, आणि धान्याचें कोठार घराच्या पोटांतच. शेजारच्या हिंदु घरांशीं याचें साम्य इतकें कीं, धर्म निराळा असला तरी सुतारकी एकच हें सांगावें लागत नाहीं.

अग्रहारांतील घरें एकमेकांस भिंत लावून ओळीनें उभीं आहेत. तीं पाहून आनंद झाला, तसें मन थोडें उदासही झालें. ओटे स्वच्छ, उंबरे शाबूत. पण आंतून संथेचा आवाज नाहीं कीं फोडणीचा वास नाहीं. भिंतीवर माहितीची पाटी मात्र आहे.

आंध्र किनाऱ्यावरचें वाटोळें मातीचें घर मंडळी उभ्या उभ्या पाहून पुढें जातात, हें आम्हांस रुचलें नाहीं. वादळी वाऱ्यास अडावयास कोपराच नाहीं, म्हणून वारा घरास वळसा घालून जातो. शिवाय माती व शाकार पुनःपुन्हां नवीं करावीं लागतात, म्हणजे तो हात जिवंत राहिला तरच घर राहील. सागवानी खांबास इतकी काळजी नको.

आमच्या घरांतील मंडळी मात्र इळकलच्या विणकराच्या दगडी घरापाशीं रेंगाळल्या. इरकली लुगडें जन्मभर नेसून त्याचें गांव कोठें आहे हें त्यांस ठाऊक नव्हतें. पदराचा ताणा निराळा घेऊन तो अंगाच्या ताण्यास फांशांनीं जोडतात, हें समजल्यावर त्यांनीं आपलाच पदर उलटा करून तो सांधा शोधला.

परततांना मनांत आमचाच वाडा घोळत होता. सात हिस्सेदार, राहणारें कोणीच नाहीं. पावसाळ्यांत पश्चिमेचा सोपा गळतो, आणि लांकडाच्या व्यापाऱ्यानें खांब-तुळयांचा एकगठ्ठा भाव दिलेला आहे. तो घ्यावा असें पुतणे म्हणतात, व दुरुस्तीचा खर्च पाहतां त्यांस दोष देतां येत नाहीं. परंतु लांकूड सुटें करतां येतें तसें तें पुन्हां जोडतांही येतें, हें आम्ही आतां डोळ्यांनीं पाहिलें आहे. म्हणून पुतण्यांस लिहिलें कीं, व्यापाऱ्यास होकार देण्यापूर्वीं वाड्याचा आराखडा मापांसह काढावा, प्रत्येक खांबावर व तुळईवर आंकडा घालावा, आणि चौकासह एक सोपा तरी घेणारी एखादी संस्था मिळते का तें पाहावें. आराखड्याचा खर्च आम्ही निवृत्तिवेतनांतून देऊं असेंही कळविलें. थोरल्या पुतण्याचें उत्तर आलें आहे. धाकट्या दोघांचें यावयाचें आहे.