फोनमधले अब्बू

आमच्या मोहल्ल्यात एखाद्या लहान मुलाला ‘तुझे अब्बा कुठे आहेत?’ असं विचारलं, तर ‘दुबईला’, ‘कुवेतला’, ‘कतारला’ अशी उत्तरं मिळतात. आमचा मुलगा मात्र वेगळंच उत्तर द्यायचा. तो म्हणायचा, ‘फोनमध्ये.’

सगळे हसायचे. आम्हीही हसायचो. उर्दू शाळेत शिकवता शिकवता ‘हम’ म्हणण्याची सवय अंगवळणी पडली आहे, त्यामुळे मराठी लिहितानाही ‘आम्ही’च येतं. पण खरं सांगायचं तर घरात निर्णय घ्यायला, रात्री तापात मुलाजवळ बसायला आणि हसून झाल्यावर गप्प व्हायला ‘आम्ही’ म्हणजे एकच जण होतो.

हे शारजाहला गेले तेव्हा मुलगा अकरा महिन्यांचा होता. मध्ये एकदा चाळीस दिवसांची रजा मिळाली, तेव्हा तो दोन वर्षांचाही झाला नव्हता. त्यातलं त्याला काहीच आठवत नाही. बी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात आम्ही पियाजेवर उत्तर लिहिलं होतं. वस्तू नजरेआड झाली तरी ती असते, हे मूल पहिल्या वर्षातच शिकू लागतं, असं ते सांगतात. उत्तर पाठ होतं, गुणही चांगले मिळाले. पण जो माणूस रोज रात्री नऊ वाजता हातभर अंतरावर दिसतो, बोलतो, हसतो आणि बटण दाबलं की नाहीसा होतो, त्याच्याविषयी मूल काय शिकतं, हा प्रश्न त्या पेपरात नव्हता.

सासूबाईंना याचं नवल वाटत नसे. आमचे सासरे 1978 साली ‘द्वारका’ बोटीने आखातात गेले. मुंबईहून निघालेली ती बोट कराची, मस्कत करत पुढे जायची. 1982 साली ती मोडीत निघाली. पुढे सासऱ्यांचं येणंजाणं विमानाने सुरू झालं, पण दोन दोन वर्षांनी. घरी यायची ती आवाज भरलेली कॅसेट. सगळं घर टेपरेकॉर्डरभोवती बसून ती ऐकायचं. सासूबाई सांगतात, ‘तुझा नवरा चार वर्षांचा असताना हे घरी आले, तर तो माझ्या पाठीमागे लपला. टेपकडे बोट दाखवून म्हणाला, माझे अब्बा तर त्यात आहेत!’

ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जाते. आम्हाला ती ऐकून भीती वाटू लागली. बोट गेली, कॅसेट गेली, घर सिमेंटचं झालं. पण पेटीतले अब्बा पेटीतच राहिले. म्हणून 2025 च्या उन्हाळी सुट्टीत आम्ही ठरवलं, बकरी ईद ह्यांच्याकडे करायची. शाळा 16 जूनला उघडणार होती, म्हणजे सवड होती.

पैशांचं गणित सोपं नव्हतं. विमानात दोन वर्षांखालचं मूल मांडीवर नेता येतं. आमचा मुलगा चार वर्षांचा, म्हणजे त्याला स्वतंत्र जागा आणि स्वतंत्र तिकीट. पासपोर्टसाठी दोन्ही पालकांच्या सह्या, त्यातले एक पालक परदेशात! कागद जमवण्यात फेब्रुवारी-मार्च गेले. ईदच्या दिवसांतले दर पाहून ह्यांनी दोनदा ‘राहू द्या’ म्हटलं. आम्ही सोन्याच्या दोन बांगड्या मोडल्या आणि तिकिटं काढली. ही गोष्ट सासूबाईंना आजही माहीत नाही. त्यांना मराठी वाचता येत नाही, म्हणून इथे लिहिण्याचं धाडस करतो.

सामान भरण्याचं काम मात्र त्यांनी आपल्याकडे घेतलं. आंबापोळी, आमसुलं, सुकट, भाजलेला मसाला, शीरखुर्म्यासाठी चारोळी, सुकं खोबरं आणि खसखस. रात्री फोनवर ह्यांनी यादी ऐकली आणि ओरडलेच, ‘खसखस काढा आधी!’ अमिरातीत खसखस अमली पदार्थात मोडते, नेणाऱ्याला तुरुंग होऊ शकतो. आपल्या मसाल्याच्या डब्यातली वस्तू, पण तिथे गुन्हा. आम्ही पुडी तर काढलीच, वाटून ठेवलेला मसालाही काढला, कारण त्यातही ती होती. वाचकांपैकी कुणी लेकीकडे, मुलाकडे जाणार असतील, तर एवढं जरूर लक्षात ठेवावं.

26 मेच्या रात्रीचं विमान होतं. आदल्या दिवशी रत्नागिरीहून रेल्वेने कुर्ल्याला नातेवाइकांकडे येऊन राहिलो. नेमका त्याच दिवशी मुंबईत पावसाळा दाखल झाला, नेहमीच्या तारखेच्या 16 दिवस आधी! सकाळपासून धो धो पाऊस, रुळांवर पाणी. आम्ही विमानाच्या वेळेआधी सहा तास घर सोडलं. एका हातात मुलगा, दुसऱ्या हातात बॅग, खांद्यावर पिशवी आणि बुरख्याची ओली कड पायांत येते आहे, अशा अवस्थेत विमानतळावर पोहोचलो.

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, ‘सुकं खोबरं आहे का?’ आम्ही थक्क झालो. सुक्या खोबऱ्यात तेल असतं, ते उष्णतेने आपोआप पेटू शकतं, म्हणून विमानात चालत नाही, असं तिने सांगितलं. विज्ञान आम्ही शिकवतो आणि हे आम्हाला ठाऊक नव्हतं! तिथेच बॅग उघडली. सासूबाईंनी जुन्या ओढणीत बांधलेल्या वाट्या बाहेर काढल्या. मागे रांग लागलेली. खोबरं तिथेच ठेवावं लागलं. ओढणी मात्र आम्ही परत घेतली.

पुढचे अडीच तास मुलाने विमानतळ पायाखाली घातला. एका कोपऱ्यात जानमाज अंथरून आम्ही मगरिबची नमाज अदा केली. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. प्रवासात मगरिबला जोडून ईशा पढण्याची आणि ईशाच्या चार रकातींऐवजी दोन पढण्याची सवलत आहे. तेवढ्यात मुलगा पळून जाऊ नये म्हणून त्याचं मनगट ओढणीने पिशवीच्या पट्ट्याला बांधलं होतं. तीच सासूबाईंची ओढणी. दुआ मागताना आम्हाला कळलं, सवलत कुणासाठी असते ते.

विमान उडालं तेव्हा तो खिडकीला नाक लावून बसला होता. मुंबईचे दिवे ढगात गेले आणि मग सगळं काळं. त्याने विचारलं, ‘खाली काय आहे?’ आम्ही म्हटलं, ‘समुद्र. दादा याच समुद्रातून बोटीने गेले होते.’ त्याने थोडा विचार करून विचारलं, ‘अब्बू पण समुद्रात असतात?’ त्यानंतर तो झोपला. आम्ही मनातल्या मनात शुक्र अदा केला.

तीच चूक झाली. पलीकडे केरळची एक नर्स बसली होती. तिने हिंदीत सांगितलं, ‘विमान उतरू लागायच्या आधी त्याला उठवा, पाणी पाजा.’ पण किती मुश्किलीने झोपला आहे, या विचाराने आम्ही उठवलं नाही. विमान खाली येऊ लागलं तसा तो किंचाळत उठला. कान धरून, लालबुंद होऊन रडू लागला. आम्ही तर सातवीला शिकवतो, हवेचा दाब उंचीप्रमाणे बदलतो. कानाच्या पडद्यामागची नळी गिळताना उघडते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. मुलांची नळी अरुंद असते, आणि झोपेत मूल फारसं गिळत नाही. सगळं माहीत होतं. पण त्या वेळी हातातली बाटलीसुद्धा उघडत नव्हती. पुढच्या ओळीतल्या एकाने मागे वळून कपाळाला आठ्या घातल्या. नर्सने बाटली घेतली, मुलाची हनुवटी धरून घोट घोट पाणी पाजलं. चाकं जमिनीला टेकली तेव्हा तो हुंदके देत होता. आम्हीही.

बाहेर हे उभे होते. हातात फुगा. फोनवर दिसतात त्यापेक्षा बारीक, केस कानाजवळ पांढरे. फोनमध्ये फक्त चेहरा दिसतो, माणूस किती वाळला आहे ते दिसत नाही.

ह्यांनी हात पुढे केले. मुलगा आमच्या पाठीमागे लपला. सासूबाईंची गोष्ट जशीच्या तशी घडत होती. ‘अब्बू आहेत बेटा,’ आम्ही म्हटलं. त्याने मान हलवली, ‘नाही. अब्बूंना फोन लाव.’ हे क्षणभर तसेच उभे राहिले. मग एका खांबाआड गेले. आमचा फोन वाजला. पडद्यावर हे. मुलाचा चेहरा उजळला. ‘अब्बू, माझे कान दुखले!’ त्याने सगळी हकिकत सांगितली. पलीकडून हे ‘हो राजा, हो राजा’ म्हणत होते. आवाज फोनमधूनही येत होता आणि खांबाआडूनही. मुलगा एकदा फोनकडे बघे, एकदा खांबाकडे.

तरी तो जवळ गेला नाही. ह्यांच्या मामांनी त्यांच्या घरातली एक खोली आम्हाला दिली होती. तिथे तीन दिवस तो ह्यांना ‘ते’ म्हणायचा. ‘ते इथेच झोपणार?’ असं रात्री कानात विचारायचा. हे ऐकून ऐकलं नाहीसं करायचे. चौथ्या दिवशी दोघं खाली दुकानात दूध आणायला गेले. परत आले तेव्हा तो ह्यांच्या खांद्यावर होता. काय घडलं ते दोघांनीही सांगितलं नाही.

तिथे ईद 6 जूनला, शुक्रवारी होती. भारतात शनिवारी. आम्ही फोन केला तेव्हा इकडे सासूबाईंचा अरफ्याचा रोजा चालू होता आणि तिकडे आमचा शीरखुर्मा खाऊन झाला होता, खोबऱ्याशिवाय आणि खसखशीशिवाय. सकाळी आम्ही तिघं ईदगाहवर गेलो. बायकांची वेगळी जागा होती, शेकडो बायका होत्या. आमच्या गावात ईदच्या नमाजेला बायका जात नाहीत. बी.एड. झालेल्या, वर्गात साठ मुलं सांभाळणाऱ्या आम्ही, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा ईदच्या सफीत उभ्या राहिलो. मुलगा ह्यांच्याबरोबर पुरुषांत गेला. आयुष्यात पहिल्यांदा तो आम्हाला सोडून कुणाबरोबर तरी मागे वळून न बघता गेला.

12 जूनला दुपारी मामींनी टीव्ही लावला. अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान उडाल्यावर मिनिटाच्या आत कोसळलं होतं. विमानातल्या 242 जणांपैकी एकच वाचला. त्यात कितीतरी लेकरं होती, कुणाकडे तरी निघालेली. दुसऱ्या दिवशी पहाटे इस्राइलने इराणवर हल्ला केला. आखातावरची कितीतरी विमानं रखडली, रद्द झाली. आमचं परतीचं विमान 14 तारखेच्या रात्रीचं होतं.

मामी म्हणाल्या, ‘आठ दिवस राहा.’ व्हिसा शिल्लक होता. रजेचा अर्ज फोनवरून पाठवता आला असता. पण पुढचं तिकीट? त्याचे पैसे कुणाकडे होते? हे रात्रभर बाल्कनीत बसले होते. पहाटे म्हणाले, ‘राहा असं म्हणायला मला सगळ्यात जास्त आवडलं असतं. पण आज भीतीने थांबलात, तर उद्या मला इथे सोडून जायलाही भीती वाटेल.’ इथे कुटुंबाचा व्हिसा काढायला महिना चार हजार दिरहम पगार लागतो, किंवा तीन हजार आणि राहण्याची सोय. ह्यांचा तेवढा नाही. आमची नोकरी सोडून तिथे जाण्याचा प्रश्नच त्यामुळे निकालात निघतो. आणि ह्यांनी परत यावं, तर घराचं कर्ज आमच्या एकट्याच्या पगारात फिटत नाही. हा हिशेब आमच्या मोहल्ल्यात घरोघरी आहे.

विमान चार तास उशिरा सुटलं. धावपट्टीवर आमचे हात बर्फासारखे झाले होते. आम्ही सफरची दुआ पुन्हा पुन्हा पढत होतो. मुलगा खिडकीतून बघत म्हणाला, ‘अब्बू किती छोटे झाले असतील आता?’ या खेपेला उतरायच्या अर्धा तास आधी आम्ही त्याला उठवलं, पाणी पाजलं, गोळी चघळायला दिली. कान दुखले नाहीत.

16 जूनला सकाळी आम्ही शाळेत हजर होतो. रात्री नऊला फोन आला. मुलाने पडद्याकडे पाहिलं. बोलला नाही. फोन उलटा करून मागे पाहिलं, पुन्हा सुलटा केला. मग आमच्या हातात देऊन म्हणाला, ‘हे नकोत. खरे अब्बू पाहिजेत.’ पलीकडे ह्यांनी ते ऐकलं. त्यांनी मान खाली घातली.

त्या रात्री आम्हाला वाटलं, आपण त्याच्यावर जुलूमच केला. फोनमध्ये तो सुखी होता. कित्येक आठवडे तो फोनवर बोलला नाही.

पण सासूबाई म्हणाल्या, ‘रडू दे त्याला. तुझा नवरा कधी रडला नाही. बापाची चादर घरात राहिली तरी त्याने कधी विचारलं नाही, कुणाची म्हणून. मी तेव्हा समजायचे, शहाणा पोर आहे.’

आता आमच्या कपाटात सासूबाईंची ती ओढणी आहे. तिच्यात दर महिन्याला पगारातून थोडे पैसे बांधून ठेवतो, पुढच्या सुट्टीच्या तिकिटाचे. अब्बू कुठे आहेत असं कुणी विचारलं, तर आमचा मुलगा आता सांगतो, ‘शारजाहला.’ आणि बोट समुद्राकडे करतो. उत्तर बरोबर आहे.