शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन कथा

हिब्रू बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, 'उत्पत्ती'मध्ये, जग दोनदा निर्माण होतं. पहिल्या अध्यायात आधी झाडंझुडपं, मग मासे नि पक्षी, मग जनावरं आणि सहाव्या दिवशी स्त्री-पुरुष एकदमच. दुसऱ्या अध्यायात सगळं उजाड असताना देव मातीतून आधी पुरुष घडवतो, मग बाग लावतो, मग प्राणी आणि सरतेशेवटी स्त्री. एका कथेत देव नुसतं बोलतो आणि घडतं. दुसरीत तो माती हाताळतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो. ग्रंथ जुळवणाऱ्यांच्या हे ध्यानात आलं नसेल, हे मला पटत नाही. तरीही त्यांनी एकही कथा खोडली नाही. हे त्यांचं मोठेपण.

मी जास्त रेंगाळतो तो पहिल्या अध्यायापाशी. चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र होतात, पण नाव न घेता: एक मोठी ज्योत, एक लहान ज्योत. इ.स.पू. 586 मध्ये बाबिलोनच्या सैन्याने जेरुसलेमचं मंदिर उद्ध्वस्त केलं, माणसं पकडून नेली. जिंकणाऱ्यांच्या देशात सूर्य हा शमाश देव, चंद्र हा सीन देव. हा अध्याय त्याच परवडीच्या आसपास आजच्या रूपात आला, असं अनेक अभ्यासक मानतात. बाबिलोनच्या 'एनुमा एलिश' या काव्यात मार्दुक देव तियामत या आदिदेवतेला चिरून आकाश उभारतो आणि देवांचे कष्ट वाचावेत म्हणून तिच्या बाजूच्या किंगू देवाच्या रक्तातून माणूस केला जातो. ब्रिटिश अभ्यासक जॉर्ज स्मिथने 1876 मध्ये हे काव्य इंग्रजी वाचकांपुढे आणल्यापासून बायबलने केलेल्या उसनवारीची चर्चा चालू आहे. मला ती उसनवारी वाटत नाही, उत्तर वाटतं. घरदार गमावलेली माणसं सांगताहेत की आकाशातले ते दोघे केवळ दिवे आहेत, आणि माणूस देवांचा वेठबिगार नाही, तो देवाच्या प्रतिरूपाचा आहे. राजाच नव्हे, प्रत्येक जण.

आणि सातवा दिवस विसाव्याचा. हा दिवस ज्यू लोकांबरोबर कोकणापर्यंत आला. तिथले तेल गाळणारे बेने इस्राएल ज्यू शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं.

या अध्यायांना विज्ञानाच्या परीक्षेला बसवण्याची घाई होते, आणि मग दोन्ही बाजू मजकूर न वाचताच भांडतात. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी भाषांतर आपल्याकडे आहे. पहिले दोन अध्याय एका बैठकीत वाचा, आणि त्यांचा मेळ घालायची घाई करू नका.