जेराशची दोन गावे

माझी धाकटी बहीण दहा वर्षे जॉर्डनच्या राजधानीत, अम्मानला, बिऱ्हाड करून होती. मेहुणे तिथे एका खत कंपनीच्या कचेरीत. "ताई, एकदा ये ग, नाहीतर आमची बदली व्हायची आणि तुझे यायचे राहायचे," हे तिचे दरसालचे पालुपद. अखेर २०२२ च्या नाताळात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कसेबसे उपसून मी विमानात बसले.

अम्मान टेकड्यांवर वसले आहे. घरे सगळी पांढरट दगडाची. एवढे देखणे शहर, पण पाणी आठवड्यातून एकदा! त्या दिवशी बहिणीच्या अंगात वारे शिरे. गच्चीवरच्या टाक्या, धुणे, फरश्या. मला ठाण्यातच असल्यासारखे वाटले. गॅसची गाडी मात्र बेथोवेनचे सूर वाजवीत येते. सिलिंडरसाठी इतका थाट मी अन्यत्र पाहिला नाही.

तिसऱ्या दिवशी जेराशला गेलो. उत्तरेला सुमारे पन्नास किलोमीटर. रोमन सम्राट हेड्रियन आला म्हणून इसवी सन १२९-३० च्या सुमारास उभारलेली कमान, लंबगोल चौक, खांबांच्या रांगा. मी हरखून पाहत होते आणि बहीण घड्याळ पाहत होती.

"चल, आता माझे जेराश दाखवते."

तिचे जेराश अवघे पाच किलोमीटरवर. १९६७ च्या युद्धात गाझा सोडून आलेल्या साडेअकरा हजार लोकांसाठी १९६८ साली इथे तंबू ठोकले. त्यांतले कितीतरी १९४८ सालीच एकदा घरदार सोडून गाझात आलेले. छावणीला लोक आजही 'गाझा छावणी'च म्हणतात. तंबू केव्हाच गेले. आता चिंचोळ्या बोळांतून सिमेंटच्या खोल्या, कितीकांवर नुसते पत्रे.

तिथल्या एका खोलीत बहीण दर शनिवारी मुलींना इंग्रजी शिकवी. मध्ये रॉकेलची शेगडी, भोवती पंधरा-वीस मुली, कोपऱ्यात त्यांच्या आया भरतकाम करीत बसलेल्या. सात वर्षांचा माझा भाचा सगळ्यांचा लाडका. एका सोळा वर्षांच्या मुलीने त्याला विचारले, "तुझा जन्म कुठला?"

"अम्मानचा."

"माझाही इथलाच. आईचासुद्धा." आणि ती हसली.

त्या हसण्याचा अर्थ बहिणीने परतताना सांगितला. जॉर्डनमधल्या बहुतेक पॅलेस्टिनींना तिथले नागरिकत्व आहे, कारण १९५० साली वेस्ट बँक जॉर्डनला जोडली गेली होती. गाझा १९६७ पर्यंत इजिप्तच्या ताब्यात. म्हणून तिथून आलेल्यांना ते नाही. मिळतो तो दोन वर्षांचा तात्पुरता पासपोर्ट. सरकारी नोकरी नाही. सरकारी विद्यापीठात बहुतेकांना परदेशी विद्यार्थ्यांची फी.

"म्हणजे आपल्या पोराला जी फी, तीच तिला," बहीण म्हणाली, "फक्त त्याला परत जायला ठाणे आहे."

मी गप्प बसले. दर शनिवारी इंग्रजी शिकवून काय साधते, हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. मास्तरकी करणाऱ्या मी तो विचारू नये, एवढी अक्कल सुदैवाने राहिली.

पुढे त्या मुलीला विद्यापीठात जागा मिळाली. बहिणीने आणि शेजारच्या दोन घरांनी मिळून पहिल्या सत्राची फी भरायची ठरवले. आईने साफ नकार दिला. दान नको. पुष्कळ घासाघीस होऊन तोडगा निघाला, की फीच्या बदल्यात भरतकाम घ्यायचे. हे भरतकाम, तत्रीझ, २०२१ साली युनेस्कोच्या यादीत गेले आहे. पण बाईने दर अगदी बाजारभावाचाच लावला, टाके मोजून!

ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझात युद्ध पेटले. त्या बाईचा भाऊ तिथे. वर्ग चालू राहिला, पण शनिवारी बहीण पोचे तेव्हा सगळ्या फोनकडे बघत बसलेल्या असत. इंग्रजीचे पुस्तक कित्येकदा उघडलेच गेले नाही, असे ती सांगते.

२०२४ मध्ये मेहुण्यांची बदली झाली. आता ठाण्याच्या दोन खोल्यांत लाल-काळ्या टाक्यांच्या चौदा उशा आहेत. पाहुण्याला बसायला जागा नाही. मी म्हटले, "अग, दोन-चार देऊन टाक कुणाला."

"देईन ना," ती म्हणाली, "अजून तिची तीन सत्रे राहिली आहेत. सहा उशा वाटेत आहेत."