वाकळ आणि बर्फ

आमच्या सूतगिरणीत बारा महिने बर्फ पडतो. ब्लो रूममध्ये अर्धा तास उभं राहा. भुवया पांढऱ्या, डोकं पांढरं, नाकात कापूस. म्हणून थोरल्या भावाची बदली केलाँगला झाली आणि घरातली सगळी "बर्फ, बर्फ" करायला लागली तेव्हा मी म्हणालो, "त्यात काय नवं हाय? मी तर रोज खाऊन येतो."

मला म्हणायला सोपं होतं. मी राहायला जाणार नव्हतो. जाणार होती आय, वैनी आणि दोन बारकी लेकरं. मी नुसता पोचवायला.

केलाँग हिमाचलात. लाहौल-स्पिती जिल्ह्याचं मुख्य ठिकाण. नावाला जिल्ह्याचं गाव, पण आमच्या हातकणंगल्याच्या बाजारात बसून जाईल एवढं. खाली भागा नदी, वर उघडे डोंगर, मधल्या उतारावर घरं. उंची 3,000 मीटरच्या वर. पूर्वी रोहतांग घाट बर्फानं बंद झाला की हे खोरं कितीतरी महिने जगापासून तुटायचं. 3 ऑक्टोबर 2020 ला डोंगराच्या पोटातला 9.02 किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला. आता मोठा बर्फ पडला की काही दिवस रस्ता बंद होतो, पण पूर्वीसारखा अख्खा हिवाळा बंद राहत नाही. बोगदा झाला म्हणूनच भाऊ म्हणाला, आता मी एकटा राहत नाही, माझी माणसं माझ्याजवळ आणा.

भाऊ केंद्राच्या एका खात्यात आहे. राखीव जागेवर लागला. तो लागला तेव्हा गल्लीच्या तोंडाला बसणारे म्हणाले, "सरकारचे जावई." सरकारनं जावयाला कुठं धाडलं ते बघायला त्यातला एकही आला नाही.

आमची माणसं बर्फात पहिल्यांदा जात होती असं नाही. 1941 साली बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. तिची पोरं सरहद्दीवरच्या बर्फात उभी राहिली, काही तिथंच राहिली. पण ती बंदूक घेऊन गेली. बायकापोरं, तवा, पोळपाट घेऊन बर्फात घर मांडायला गेलेलं आमच्या भावकीत हे पहिलंच कुटुंब.

बांधाबांध चार दिवस चालली. ज्वारीचं पीठ वीस किलो. कांदा-लसणाची चटणी. लेकरांची पुस्तकं. आणि दोन वाकळा. वैनी म्हणाली, "आत्याबाई, वाकळ नको. तिकडं रजया मिळत्यात." आय म्हणाली, "रजईत माझ्या आयची लुगडी हायती का?" विषय संपला. एका वाकळंत बुद्धाची मूर्ती गुंडाळली, दुसऱ्या वाकळंत बाबासाहेबांचा फोटो. हा फोटो माझ्या आज्याचा. आज्याचा बाप 1920 साली माणगावच्या परिषदेत मागं उभा होता असं घरात सांगतात. आज्यानं 1956 नंतर घरातले देव पंचगंगेत सोडले आणि हा फोटो भिंतीवर लावला. तेव्हापासून तो भिंतीवरून खाली आला नव्हता.

मिरजेहून गोवा एक्सप्रेस. गाडीत दोन रात्री. दिल्लीहून एसटीसारखीच सरकारी बस, पुन्हा रात्र. मनालीला उतरलो तेव्हा लेकरं ओकून ओकून सुकली होती. बोगद्यात शिरताना झाडी होती, बाहेर पडलो तर झाडं संपलेली. वर पांढरं, खाली तपकिरी. आय खिडकीतून बघत म्हणाली, "हितं पिकतं तरी काय?" बटाटा पिकतो, मटार पिकतो. माणूसही पिकतो. जातही पिकते. पण ते मला एका दिवसानं कळलं.

भावानं दोन खोल्या ठरवून ठेवल्या होत्या. घरमालक दारात उभा. चांगला माणूस, हसरा. सामान बघितलं, लेकरांच्या गालाला हात लावला. मग विचारलं, "आप लोग क्या होते हैं?"

कोल्हापुरात आडनाव सांगितलं की पुढचा प्रश्न उरत नाही. तिकडं आमचं आडनाव कुणाला कळत नाही, म्हणून सरळ विचारतात. भाऊ माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "बौद्ध."

"अच्छा, बोध! हम भी बोध हैं।"

त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. घरात नेलं. मधोमध लोखंडी शेगडी, तिला तिकडं तंदूर म्हणतात, तिचं धुराडं छतातून वर गेलेलं. शेगडीशेजारची उबेची जागा आयला दिली. आय हरखली. माझ्या कानात म्हणाली, "आपलीच मानसं हायती रं."

आता ऐका. 'बोध' हे तिकडं जमातीचं नाव. सरकारी यादीत अनुसूचित जमात. शेकडो वर्षांचे बौद्ध. आणि त्याच खोऱ्यात लोहारही आहेत, ते अनुसूचित जातीत. आम्ही चहा पीत असताना एक लोहार काही कामानं आला. दाराजवळ बसला. त्याला कुणी तिथं बस म्हणालं नाही. कुणी शेगडीजवळ ये म्हणालं नाही. त्याची जागा त्याला ठाऊक होती. मलाही ती जागा ओळखीची वाटली. आमच्या गावात पाटलाच्या वाड्यात ती जागा उंबऱ्याच्या बाहेर असते, इथं थंडी म्हणून उंबऱ्याच्या आत.

म्हणजे मी 'बौद्ध' म्हणालो ते खोटं नव्हतं. पण त्यानं 'बोध' ऐकलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही, ते खोटं होतं.

मी कवी. जयंतीला स्टेजवर चढून कविता म्हणतो. बोनसच्या वेळी गिरणीच्या गेटवर म्हणतो. मुकादमाच्या तोंडावर बोलतो. आणि त्या उंबऱ्यावर माझी जीभ गोठली, तेव्हा तर बर्फही पडला नव्हता. रात्री भाऊ म्हणाला, "गप राहा. निदान मार्चपर्यंत. हितं दुसरी खोली मिळत न्हाई. लेकरं कुठं नेऊ?" त्यानं बुद्धाची मूर्ती फळीवर मांडली आणि बाबासाहेबांचा फोटो ट्रंकेत ठेवला. मीच ट्रंकेचं झाकण लावलं. वैनी काही बोलली नाही. आयही बोलली नाही. म्हणाली फक्त, "वाकळंत गुंडाळूनच ठेव. थंडी हाय."

चार दिवसांनी मी परत आलो. खाडे पडले होते, त्याचा पगार कापला गेला. पुढचं सगळं मला रविवारच्या फोनवरून कळलं.

नदीपलीकडं डोंगरावर कारदंगचा गोंपा आहे. बर्फ पडायच्या आत आय भावाला घेऊन तिथं चढून गेली. दम लागला, चार ठिकाणी बसली. आत सोन्यासारखा बुद्ध, पुढं तुपाचे दिवे. आयनं हात जोडून त्रिसरण म्हटलं. एक म्हातारी भिक्खुणी तिच्याकडं बघून हसली. आय म्हणाली, "तिचं मला कळलं न्हाई, माझं तिला. पर दोघी एकाकडंच बघत हुतो."

मग बर्फ आला. पहिल्या दिवशी लेकरं नाचली. दुसऱ्या दिवशी वैनी रडली. अंथरुणातून उठलं की आधी तंदूर पेटवायचा, मग तोंड धुवायचं. दोरीवरची कपडी पापडासारखी कडक. खोबरेल तेलाची बाटली शेगडीजवळ ठेवल्याशिवाय वेणी होत नाही. त्या उंचीवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणून कुकरशिवाय डाळ शिजत नाही. छत सपाट. बर्फ पडला की वर चढून फावड्यानं खाली लोटायचा, नाहीतर छत गळतं. शाळेला मोठी सुट्टी उन्हाळ्यात नाही, थंडीत. नळ अगदी बंद करायचा नाही, थेंब थेंब चालू ठेवायचा. चालतं पाणी गोठत नाही म्हणून. वैनीला हे सगळं घरमालकिणीनं शिकवलं. हाताला धरून शिकवलं. लेकरांना लोकरीचे मोजे विणून दिले. हे मी लपवणार नाही. त्या बाईच्या उबेवर आमचं घर तगलं.

जानेवारीत थेंब थेंब चालू ठेवूनही नळ गोठला. आयनं पिंपातल्या शिल्लक पाण्याभोवती वाकळ गुंडाळली. तिच्या आयची लुगडी आता पाण्याला उबेत ठेवत होती. पण पिंप किती दिवस पुरणार? उताराखाली एक झरा होता, तो गोठत नव्हता. सगळी आळी तिथं. आयही कळशी घेऊन गेली.

झऱ्यावर रांग. आणि रांगेच्या बाहेर, पाच हात लांब, डबा घेऊन उभी असलेली एक लोहारीण. सगळ्यांचं झालं की ती भरणार. तिला कुणी लांब उभं केलं नव्हतं. ती आपली उभी होती. रांगेतून घरमालकीण आयला म्हणाली, "माताजी, आप आगे आओ। आप तो अपने हो।"

आयचं लहानपण मला माहीत आहे. गावच्या आडावर ती घागर घेऊन अशीच बाजूला उभी राहायची. कुणाला तरी दया येईल, वरून पाणी वाढेल, म्हणून. पायाला चटके बसायचे. इथं पायाला बर्फ. एवढाच फरक. आणि आज तिला पुढं बोलावत होते. आयुष्यात पहिल्यांदा पाण्यावर तिला कुणी पुढं बोलावत होतं.

20 मार्च 1927. महाडचं चवदार तळं. ही तारीख मी किती भाषणांत ऐकली, किती कवितांत घातली. आयनं ती कुठं घातली ते ऐका.

आय रांग सोडून त्या लोहारणीजवळ जाऊन उभी राहिली. आयचं हिंदी मोडकं. म्हणाली, "मैं इसके साथ का है." घरमालकिणीला वाटलं, म्हातारीला कळलं नाही. तिनं पुन्हा बोलावलं. आयनं मान हलवली. सगळ्यांचं झाल्यावर लोहारणीनं भरलं, मग आयनं. घरी आली, कळशी पिंपात ओतली. ट्रंक उघडली. वाकळंतून फोटो काढला, पदरानं पुसला आणि पुढच्या खोलीत, दारातून दिसेल असा लावला. खिळा तिनंच मारला. बत्त्यानं.

भाऊ कामावरून आला आणि त्यानं डोक्याला हात लावला. मला फोन केला. "तुझ्या कवितांनी आयचं डोस्कं फिरवलंय." मी म्हणालो, "दादा, माझ्या कवितेनं फक्त ट्रंकेचं झाकण लावलं हुतं."

घरमालकीण त्या संध्याकाळी आली नाही. दहा दिवस आली नाही. घरमालक भावाला हसत हसतच म्हणाला, एप्रिलात पुतण्या येणार आहे, खोल्या लागतील. शिवी नाही, मारहाण नाही. फक्त पुतण्या. त्या दहा दिवसांत लोहारीण मात्र दोनदा आली. आयनं तिला शेगडीजवळ बसवलं. ती बसेना. आयनं हात धरून बसवलं. चहा झाला. दोघींना एकमेकींचं अर्धंच कळत होतं.

अकराव्या दिवशी घरमालकीण आली. फोटोकडं बघितलं. म्हणाली, "ये तो डॉक्टर साहब हैं।" मग बसली. लांब बसली का जवळ, असं मी आयला विचारलं. आय म्हणाली, "मधी बसली." मग तिनं पिंपावरच्या वाकळंला हात लावला आणि हे कसं शिवतात म्हणून विचारलं. आयनं धावदोरा घालून दाखवला. आता रोज थोडा वेळ येते. शिकते. पण पुतण्या एप्रिलात येणार आहेच. ते तिनं खोडलं नाही.

मला हे सगळं गोड करून सांगता येत नाही. वाकळ शिकली म्हणून जात विसरली असं लिहिलं तर माझी आय मला हसेल. खोली जाईल. भाऊ दुसरी शोधतोय. लेकरांना मात्र तिकडची बोली यायला लागली आहे. बारकी बर्फावरून घसरत शाळेला जाईल, तिला इचलकरंजीचं ऊन सपनातच दिसेल.

परवा मी विचारलं, "आय, परत येतीस का? लई थंडी आसंल." ती म्हणाली, "थंडी हाय की. पर फोटो भिताडावर हाय. आता झोप लागती."

एप्रिलात सामान हलवायला मी जाणार आहे. नव्या घराच्या दारात नवा मालक उभा असेल. तो विचारेल, "आप लोग क्या होते हैं?" या खेपेला पुरं उत्तर द्यायचं आहे. कुणाचे बौद्ध, कधीपासूनचे बौद्ध, आणि त्याआधी आम्हाला काय म्हणत होते ते. रातपाळीला रिंग फ्रेमसमोर उभा राहून मी ते वाक्य रोज मोठ्यानं म्हणतो. साच्यांच्या आवाजात शेजारच्यालाही ऐकू येत नाही.

तिथं साचे नसतील.