हत्तीरोगाची लस कुठे अडली?

ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने 'आर२१' या मलेरियाच्या लशीची शिफारस केली. संशोधन ऑक्सफर्डचं, उत्पादन आपल्या पुण्याच्या सीरमचं. डोसची किंमत चार डॉलरच्या आत. जुलै २०२४ पासून ती आफ्रिकेतल्या मुलांना मिळू लागली. वाचून बरं वाटलं, आणि लगेच आजोळच्या एक आजी आठवल्या.

माझं आजोळ यवतमाळ जिल्ह्यात. या आजींचा पाय गुडघ्यापर्यंत सुजलेला. लग्नकार्याला जाणं त्यांनी कधीच सोडलं होतं. हत्तीपाय! मग प्रश्न पडला, याची लस का नाही?

एक कारण सरळ तांत्रिक आहे. मलेरियाचा परजीवी एका पेशीचा, तरी त्याच्या पहिल्या लशीला तीसेक वर्षं लागली. हत्तीरोगाचा जंत म्हणजे अख्खा प्राणी. डासावाटे अळ्या शरीरात शिरतात, लसिकावाहिन्यांत वाढतात आणि प्रतिकारशक्तीला गुंगारा देत कित्येक वर्षं राहतात. माणसाला होणाऱ्या कुठल्याच जंतावर अजून मंजूर लस नाही. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत डॉ. बी. सी. हरिनाथ आणि सहकाऱ्यांनी या रोगावर वर्षानुवर्षं काम केलं. म्हणजे प्रयत्नच नाहीत असं नाही.

दुसरं कारण पैशाचं. मलेरियाने लहान मुलं मरतात, म्हणून देणगीदार पुढे आले, 'गावी'सारख्या संस्थेने लशी विकत घेतल्या. हत्तीरोग सहसा जीव घेत नाही, नुसता माणसाला घरात बसवतो. तेही गरिबाला. असं 'मार्केट' कोणाला हवंय?

तोवर गोळ्याच. यवतमाळातही सामुदायिक औषधोपचाराच्या मोहिमा झाल्या आहेत. गंमत म्हणजे त्या धडधाकट माणसांनाही खायच्या असतात. कारण काही लक्षण नसतानाही रक्तात सूक्ष्म अळ्या असू शकतात, आणि डास त्या पुढच्या घरी पोचवतो. गर्भवती, दोन वर्षांखालची मुलं आणि फार आजारी माणसं सोडून गावातल्या बहुतेकांनी खाल्ल्या, तरच साखळी तुटते. आलेली सूज मात्र गोळीने उतरत नाही.

पण आमचे मामा म्हणणार, "मला काय झालंय?" आणि गोळी खिशात टाकणार. आशाताई समोरच गिळायला सांगतात ती उगाच नाही. पुढच्या मोहिमेच्या दिवशी मामांना फोन करायचं ठरवलंय. लस बनवणं आपल्या हातात नाही, एवढं तर आहे!