राजीसाठी उघडलेलं कॅबिनेट

भाचीला ‘राजी’ खेळायची होती. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने बनवलेला हा गेम कॉम्प्युटरवर २०२० मध्ये आला. राजी या मुलीच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षसांनी पळवलेलं. त्याला सोडवायला निघालेल्या राजीच्या हातात दुर्गेचा त्रिशूळ, आणि गोष्ट सांगायला साक्षात दुर्गा आणि विष्णू. आपल्याकडच्या पोरांनी इतका जीव ओतून घडवलेला गेम आमच्या वैजापूरच्या घरात अडखळत चालतो, हे मला बघवेना.

कॉम्प्युटर माझ्या ऑनलाइन सेवा केंद्रातून घरी आलेला. डेल ऑप्टिप्लेक्स ७०१०, उभं मोठं कॅबिनेट, प्रोसेसर आय-५ ३४७०, म्हणजे २०१२ च्या सुमाराचा. सातबारे आणि पीकविम्याचे अर्ज यानेच उपसले. “मामा, नवीनच घेऊ ना,” भाची म्हणाली. म्हटलं, आधी याचं दुखतंय कुठे ते तर बघू.

गेम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर निम्म्यावरच होता. ४ जीबी रॅम मात्र काठोकाठ भरलेली, हार्डडिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसरमधलंच एचडी २५०० ग्राफिकही १०० वर. दुखणं तिथेच कळलं. रॅम भरली की विंडोज उरलेला माल हार्डडिस्कवर टाकतं, फिरत्या तबकडीवरून तो परत आणायला वेळ लागतो. तेवढा वेळ राजी हवेत उडी मारलेली तशीच थांबते. त्यात एचडी २५००ला स्वतःची मेमरी नाही, तेही याच रॅममधून ओढतं. लोक सगळ्यात आधी प्रोसेसर बदलायला निघतात. इथे तो पैसा फुकट गेला असता.

कॅबिनेट उघडलं. आमचं केंद्र रस्त्याला लागून, कापसाच्या गाड्या दारावरूनच जायच्या. हीटसिंकच्या पात्यांत धूळ आणि कापसाचे तंतू असे दाटून बसले होते की पलीकडचं दिसत नव्हतं. पंखा बोटाने धरून ठेवला, कारण ब्लोअरच्या वाऱ्याने तो गरागरा फिरला तर खराब होतो, आणि सगळं अंगणात उडवलं. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून थेंबभर नवी लावली. एवढ्यानेच पंख्याची घरघर थांबली.

एचडी २५०० मात्र अपुरंच होतं, वेगळं ग्राफिक कार्ड हवं होतं. ते कुठलं घ्यायचं, हे ठरवलं एसएमपीएसने, म्हणजे कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याने. आमचा २७५ वॅटचा, कार्डाला द्यायची वेगळी वायर त्यात नाही. मदरबोर्डचा स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत वीज देतो, तेवढ्यातच भागायला हवं होतं. जीटीएक्स १०५० टीआय बरोबर त्यात बसतं: २०१६ चं, ४ जीबीचं, आणि त्याची बरीच मॉडेल वेगळ्या वायरीशिवाय चालतात. ऑप्टिप्लेक्सचं चपटं, छोटं कॅबिनेट असेल तर अर्ध्या उंचीचंच कार्ड लागतं, हे दुकानात जायच्या आधी मोजून घ्यावं.

रोटेगावहून रेल्वेने संभाजीनगर गाठलं, कॅनॉटमधली दुकानं पालथी घातली. २०२१ च्या टंचाईत जुन्या कार्डांचेही भाव आकाशाला भिडले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक कार्डांवरचं मायनिंग बंद झालं आणि त्यात राबलेली कार्डं बाजारात आली. म्हणूनच सेकंड हँड कार्ड डोळे झाकून घेऊ नये. दुकानदाराला ते तिथेच लावून गेम चालवायला सांगितलं, पंख्याला कान लावला, पडद्यावर रंगीत ठिपके येतात का ते पाहिलं. सोबत एक एसएसडी आणि ४ जीबीची आणखी एक डीडीआर३ पट्टी. दोन पट्ट्या दोन वेगळ्या चॅनेलच्या स्लॉटमध्ये लागल्या की ड्युअल चॅनेल मिळतं. नुसती जागाच वाढत नाही, डेटाची ये-जाही वाढते.

घरी लावलं. मॉनिटर जुना, १३६६ बाय ७६८ चा, त्यामुळे कार्डावर ओझं कमी. सावल्यांची सेटिंग एक पायरी खाली घेतली आणि राजी सलग धावायला लागली. महालाच्या भिंतीवरून ती पळत गेली तेव्हा भाचीच्या तोंडून क्षणभर शब्द फुटेना. “मामा, हे इतकं सुंदर होतं?” तिने विचारलं.

यापुढे मात्र या बोर्डावर पैसा घालणार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच चालतं. आमचा प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा. कार्ड आणि एसएसडी पुढच्या मशीनमध्ये जातील. रॅम जाणार नाही, ती डीडीआर३ आहे. ती केंद्रातल्या प्रिंटरच्या कॉम्प्युटरला लावायचं ठरलंय.